स्कुबा टँकचं प्रेशर अचानक कमी दिसतंय? या चुका टाळा

मालवण-तारकर्लीला एप्रिल-मेमध्ये हे नेहमी ऐकायला मिळतं. होडीत उन्हात ठेवलेल्या टँकचा (पाण्याखाली श्वासासाठी नेतात तो दाबाखालच्या हवेचा सिलिंडर) काटा २०० बार (बार म्हणजे प्रेशर मोजायचं एकक) दाखवत होता, पाण्यात उतरून जरा तरंगलं नाही तोच १९० झाला, मग एकतर टँक लीक आहे नाहीतर भरणाऱ्याने फसवलं! बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं हो. टँक उन्हात ४५ डिग्रीला तापला होता, पाणी २८चं, हवा गार झाली आणि प्रेशर उतरलं, पण हवा आत होती तेवढीच आहे. २०० बारच्या आसपास दर डिग्रीला साधारण ०.६ ते ०.७ बारचा फरक पडतो, एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धी भांडणं मिटतील.

हिशोब करताना सेल्सिअसचे आकडे थेट वापरू नका. ४० डिग्रीचं २० झालं म्हणून प्रेशर अर्धं होत नाही, आधी दोन्हीत २७३ मिळवायचे (केल्विन), मग ३१३चं २९३ होतं, म्हणजे घट जेमतेम सहा-सात टक्के.

खरी गडबड होते ती भरताना. गर्दीच्या दिवशी कॉम्प्रेसरवर घाईघाईत भरलं की टँक हाताला चटके देण्याइतका तापतो, त्या वेळी काटा २०० दाखवतो आणि तुम्ही खूश होऊन निघता, पण ५० डिग्रीवरचे ते २०० बार पाण्यात १८७च्या आसपास येतात. उपाय एकच, हळू भरायचं, गार होऊ द्यायचं आणि मग टॉपअप. काहीजण सरळ "२३० मारून दे, उतरेल आपोआप" म्हणतात, मला हे अजिबात पटत नाही. नेहमीच्या ॲल्युमिनियम ८० टँकवर (साधारण ८० घनफूट हवा मावणारा) २०७ बार ही भरायची मर्यादा कोरलेली असते ती उगाच नाही. टँक गार राहावा म्हणून पाण्याच्या टबात ठेवून भरत असतील तर कॉम्प्रेसरची नळी जोडण्याआधी व्हॉल्व कोरडा आहे ना बघा, नाहीतर ओल आत जाते.

आता लीक आहे का हे कसं ओळखायचं? टँक सावलीत पूर्ण गार होऊ द्या, आकडा लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच तापमानाला परत बघा. घटला असेल तर व्हॉल्व आणि ओ-रिंगवर (हवा अडवणारी रबरी रिंग) साबणाचं पाणी लावा, बुडबुडे सांगतीलच. आणि श्वास घेताना काटा दरवेळी खाली जाऊन परत वर येत असेल तर तो तापमानाचा खेळ नाही, बहुतेक व्हॉल्व नीट उघडलेला नाही, ते तपासल्याशिवाय उतरूच नका.

तसंच वीस मिनिटांनीही काटा भराभर उतरतोय आणि तुम्ही थंड पाण्याला दोष देताय, तर तेही चूक. टँक पहिल्या काही मिनिटांतच पाण्याच्या तापमानाला येतो, त्यानंतर जातं ते तुमच्या श्वासाने. म्हणून परतायचं कधी हे ठरवताना होडीवरचा आकडा धरू नका, पाण्यात गार झाल्यावरचा धरा.

गाडीचं म्हणाल तर, ३० डिग्रीला २०० बार असलेला टँक बंद डिकीत ६५ला गेला की २२३च्या आसपास जातो. चांगला टँक यात फुटत नाही, पण बऱ्याच व्हॉल्वला जादा प्रेशरला फुटणारी पातळ सेफ्टी डिस्क असते, ती जुनी झाली असेल तर दगा देऊ शकते आणि मग सगळी हवा प्रचंड आवाज करत बाहेर. आणि घाबरून तापलेल्या टँकमधली हवा सोडू नका, सावलीत ठेवा. सोडलीत तर गार झाल्यावर हवा खरंच कमी पडेल.