वर्डबेसिकचे जुने मॅक्रो: मी जिथं आपटलो ती जागा

तहसीलसमोर एका दस्तलेखकाकडं कामाला लागलो तेव्हा एमएस-सीआयटी झालेली, व्हीबीए, म्हणजे वर्डमध्ये कोड लिहायची भाषा, थोडंफार येत होतं, म्हणून स्वतःला लय हुशार समजून राहिलो होतो. त्यांच्याकडं खरेदीखताचं टेम्प्लेट वर्ड ६ च्या जमान्यातलं, मॅक्रो (वर्डकडून आपोआप काम करून घेणारे छोटे प्रोग्राम) वर्डबेसिकमधले, म्हणजे व्हीबीएच्या आधीच्या वर्डच्या भाषेतले. पुढं ती फाइल वर्ड ९७ मध्ये उघडली तेव्हा वर्डनंच ते व्हीबीएत बदलून टाकलेले. असा कोड लगेच ओळखू येतो, ओळीओळीला सुरुवातीला 'वर्डबेसिक' आणि टिंब. दिसायला भंगार, पण चालते. चालते तर हात लावू नका बाप्पा. मी लावला.

ज्या चुकीवर वर्ड स्वतः ओरडते तिचं टेन्शन घेऊ नका. नावाच्या शेवटी डॉलर असलेली फंक्शनं चौकटी कंसात असतात, तो कंस कचरा समजून काढला की लाल ओळ येते, परत टाकला की झालं.

मी फसलो ते बोल्डमध्ये. आमच्या टेम्प्लेटमध्ये पक्षकारांची नावं, गट नंबर बोल्ड, मॅक्रो एकेक परिच्छेद सिलेक्ट करत जाते आणि पूर्ण बोल्ड दिसला की नवीन मजकूर विचारते. वर्डबेसिकचं बोल्ड फंक्शन सगळं बोल्ड असलं की १ देते, अर्धवट असलं की -१, काहीच नसलं की ०. मी 'सुधारणा' म्हणून तिथं व्हीबीएचं सिलेक्शन.फॉन्ट.बोल्ड लिहिलं आणि पुढचं 'बरोबर १' तसंच ठेवलं. आता व्हीबीएत सगळं बोल्ड म्हणजे ट्रू, आणि ट्रू म्हणजे -१! म्हणजे जुन्यात जो आकडा अर्धवटचा, तोच इथं पूर्णचा. १ कधी येणारच नाही. एरर नाही, काही नाही, मॅक्रो गुपचूप संपला आणि मसुद्यात जुन्याच शेतकऱ्याचं नाव. पक्षकारानं वाचलं म्हणून वाचलो.

मग १ ची तुलनाच उडवली, नुसतं 'बोल्ड असेल तर' ठेवलं. आणखी घाण. अर्धवट बोल्डला व्हीबीए ९९९९९९९ देते, शून्य नाही म्हणजे 'हो'. एक शब्द बोल्ड असलेला चतुःसीमेचा अख्खा परिच्छेद उडाला. शेवटी 'बरोबर ट्रू' लिहिलं तेव्हा जमलं. इटॅलिकचंही हेच, तेही तपासा.

एका सिनियर भाऊनं सांगितलं होतं, वर ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट (एरर आली तरी न सांगता पुढं जा) टाकून दे, कटकट नाही. असा गुरू भेटला तर चहा पाजा आणि सोडून द्या. त्यापेक्षा व्हीबीएच्या एडिटरमध्ये कंट्रोल-जी दाबून खालच्या खिडकीत प्रश्नचिन्ह टाका, पुढं सिलेक्शन.फॉन्ट.बोल्ड, एंटर. पूर्ण, अर्धवट, साधा, तिन्ही मजकूर सिलेक्ट करून आकडे डोळ्यानं बघा. मग एफ८ नं एकेक ओळ चालवा, आणि ते सगळं टेम्प्लेटच्या कॉपीवर.

मला हे कळायला चार दिवस लागले, त्यात लाइट गेलेली ती वेगळी. तुम्हाला लागले तर घाबरू नका. फक्त एक, टेम्प्लेट कृतीदेवमध्ये (जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट) असेल तर घाईघाईनं युनिकोड करू नका, मॅक्रो आतून कृतीदेवचीच अक्षरं शोधत असते, मग त्याला काहीच सापडत नाही आणि इथंही एरर येत नाही.