दूरच्या फोल्डरची लिंक: समोरच्याच्या संगणकावर उघडेल अशी

सदाशिव पेठेतील एखाद्या छोट्या प्रकाशन संस्थेत दिवाळी अंकाची प्रुफे कचेरीतील सर्व्हरवर, म्हणजे सामायिक संगणकावर असतात, मुद्रितशोधक कोथरूडहून काम करतात आणि मुखपृष्ठाचे चित्रकार दुसऱ्याच गावी असतात. अशा वेळी एकेक फाइल मेलने पाठवण्यापेक्षा फोल्डरचीच लिंक द्यावी, म्हणजे सर्वांच्या हाती एकच ताजी प्रत राहते. मात्र लिंक आपल्याकडे उघडली एवढ्यावर समाधान मानू नये. ती समोरच्याच्या संगणकावर उघडायला हवी.

सर्वजण कचेरीतच असतील, तर झेड किंवा वाय अशा ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होणारा पत्ता देऊ नये, कारण ते अक्षर प्रत्येक संगणकावर निराळे असू शकते. त्याऐवजी दोन उलट्या तिरप्या रेघा (\\), सर्व्हरचे नाव, पुन्हा तशीच एक रेघ आणि फोल्डरचे नाव असा पूर्ण पत्ता लिहावा. आउटलुक या मेल-प्रोग्राममध्ये तो आपोआप लिंक बनतो. परंतु नावात मोकळी जागा असेल, तर लिंक तेथेच तुटते. पत्ता कोनी कंसांत (< >) घातल्यास ती अखंड राहते, तरी फोल्डरच्या नावात मुळातच हायफन वापरणे मला अधिक भरवशाचे वाटते. जीमेलसारख्या ब्राउझरमधील मेलमधून अशी लिंक उघडत नाही, कारण वेबपानावरून संगणकातील फाइलींकडे जाणाऱ्या लिंका ब्राउझर सुरक्षिततेसाठी अडवतात. तेथे पत्ता कॉपी करून फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत टाकावा.

कचेरीबाहेर हा पत्ता निरुपयोगी ठरतो. तो चालावा म्हणून राउटरवर ४४५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे विंडोजच्या फाइल-शेअरिंगचे दार, इंटरनेटसाठी उघडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नका. २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोजच्या याच फाइल-शेअरिंग व्यवस्थेतील त्रुटीचा फायदा घेतला होता. सुरक्षित मार्ग व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरून कचेरीच्या नेटवर्कशी केलेल्या कूटबद्ध जोडणीचा आहे: मुद्रितशोधकांनी घरून व्हीपीएन जोडले की कचेरीतलाच पत्ता तेथेही चालतो, आणि सर्व्हरचे नाव सापडत नसेल तर नावाच्या जागी त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) लिहावा.

रोज न येणाऱ्या माणसाला, उदाहरणार्थ चित्रकाराला, व्हीपीएन बसवायला सांगणे योग्य नाही. त्याच्यासाठी ब्राउझरमध्ये उघडणारी लिंकच हवी. गुगल ड्राइव्हवर फोल्डरच्या ‘शेअर’ या पर्यायात प्रवेश ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवून ठरावीक मेलपत्ते घालता येतात, किंवा लिंक असलेल्या कोणालाही प्रवेश देता येतो. अप्रकाशित मजकुरासाठी दुसरा पर्याय मी टाळीन, कारण अशी लिंक एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर गेली की ती कोणाकोणाच्या हाती आहे हे कळत नाही. ‘एडिटर’ केलेली व्यक्ती फाइली हलवू आणि काढूही शकते, म्हणून फक्त वाचायचे असेल त्याला ‘व्ह्यूअर’च ठेवावे. सर्व्हर स्वतःचा असेल, तर त्यावर बसवता येणाऱ्या नेक्स्टक्लाउड या फाइल-शेअरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लिंकला पासवर्ड आणि मुदत दोन्ही लावता येतात, शिवाय आतील फाइली न दाखवता केवळ अपलोड करू देणारी लिंकही देता येते. चित्रे मागवण्यासाठी ती फार उपयोगी आहे. पासवर्ड लिंकच्याच मेलमध्ये न लिहिता फोनवर सांगावा.

मराठी नावांबाबत एक काळजी घ्यावी. वेबपत्त्यात देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह टक्क्याच्या खुणांसह नऊ रोमन चिन्हांचे होते; ‘पुणे’ या शब्दात मात्रा धरून चार चिन्हे आहेत, म्हणजे तो ३६ चिन्हे व्यापतो. फोल्डरात फोल्डर असले की पत्ता अनेक ओळींचा होतो आणि पाठवताना अर्धवट कॉपी होतो. ड्राइव्ह व नेक्स्टक्लाउड यांच्या शेअर लिंकमध्ये फोल्डरचे नाव नसून एक सांकेतिक खूण असते, त्यामुळे तेथे ही अडचण येत नाही. पण स्वतःच्या वेबसर्व्हरवरील फोल्डरांची नावे रोमन लिपीतच ठेवावीत.

लिंक पाठवण्यापूर्वी फोनचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (आपले लॉगिन न वापरणाऱ्या खासगी) खिडकीत ती उघडून पाहावी, कारण लॉगिन केलेल्या आपल्या ब्राउझरमध्ये इतरांना मनाई असलेली लिंकही उघडते. अंक छपाईला गेला की सर्व लिंका रद्द कराव्यात. तोवर कोणी उतरवून घेतलेल्या प्रती मात्र त्यामुळे परत येत नाहीत.