अहमद कथराडांवर भित्तिप्रदर्शन लावायचं तर

अहमद कथराडा म्हणजे दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढलेले, नेल्सन मंडेलांचे तुरुंगातले सोबती. 21 ऑगस्ट ही त्यांची जन्मतारीख (1929). म्हणजे कोल्हापुरात ऐन पावसाळा, आणि चार्ट पेपरचा खरा शत्रू दमट हवा. फेव्हिकॉल थेट कागदावर फासला की फुगे येतात आणि दुसऱ्या दिवशी कडा वळतात. त्यापेक्षा 22 बाय 28 इंची कागद पुठ्ठ्यावर दुहेरी चिकटपट्टीनं चारही बाजूंनी बसवा. मथळा 2 इंच, मजकूर अर्धा इंच. एका तक्त्यावर 50 शब्दांच्या वर जाऊ नका. गर्दीत उभं राहून माणूस त्याहून जास्त वाचत नाही.

आठ तक्ते पुरतात. बालपण एका तक्त्यात उरका: दक्षिण आफ्रिकेतलं श्वायझर-रेनेके गाव, गुजराती कुटुंब, गावातल्या शाळेत भारतीय मुलाला जागा नाही म्हणून जोहान्सबर्गला रवानगी. तिथल्या भारतीयांचा 1946 चा सत्याग्रह आणि सतराव्या वर्षी महिन्याभराचा तुरुंग दुसऱ्यात. तिसऱ्यात 1956 चा देशद्रोहाचा खटला: 156 आरोपी, 1961 पर्यंत सगळे सुटले.

चौथ्या तक्त्यात हमखास घोटाळा होतो. 11 जुलै 1963 ला लिलीजलीफ शेतावर (जोहान्सबर्गजवळचा चळवळीचा गुप्त अड्डा) छापा पडला त्यात कथराडा सापडले, मंडेला नाही. ते आधीच तुरुंगात होते. दोघांचा एकत्र पकडल्याचा प्रसंग रंगवू नका. जन्मठेप मात्र दोघांना एकाच दिवशी झाली, 12 जून 1964 ला. 27 वर्षं हा मंडेलांचा आकडा; कथराडांची 26, त्यातली 18 रॉबेन बेटावरच्या तुरुंगात. 1982 ला पोल्समूरच्या तुरुंगात हलवलं, सुटका 15 ऑक्टोबर 1989. त्यांचा कैदी क्रमांक 468/64, म्हणजे 1964 सालातला 468 वा कैदी. तो ठळक लिहा.

पाचवा आणि सहावा तक्ता एकाच गोष्टीला द्या: विजार. बेटावर भारतीय कैद्याला लांब विजार आणि मोजे, आफ्रिकी कैद्याला अर्धी चड्डी. जेवणातही तेच, एकाला पाव, दुसऱ्याला नाही. शेजारी-शेजारी दोन खिळ्यांना खरी विजार आणि खरी चड्डी टांगा. वर्णभेद म्हणजे काय हे मग सांगावं लागत नाही. खाली खडूनं साधारण 8 बाय 7 फुटांची कोठडी आखा. सुरुवातीला सहा महिन्यांतून 500 शब्दांचं एकच पत्र पाठवता येई. कोरा कागद आणि पेन ठेवा, येणाऱ्यांना त्यातलं निदान अर्धं पान भरायला लावा.

सातवा तक्ता राजकारणाचा, आणि तोच बहुतेकांचा पडतो, कारण नुसती पदं लिहिली जातात. 1994 ला तुरुंगखात्याचे मंत्री म्हणून त्यांचंच नाव होतं. ते खातं इंकाथा या दुसऱ्या पक्षाला गेलं आणि कथराडा राष्ट्राध्यक्ष मंडेलांचे संसदीय सल्लागार झाले. 1999 ला संसद सोडली. एवढंच लिहा. इथं शाहू महाराजांशी ओढूनताणून तुलना नको. दसरा चौकात लावलं तरी नको.

आठव्यात 2016 चं पत्र: आपल्याच पक्षाच्या (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस) तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष झुमांना पायउतार व्हा म्हणणारं. मार्च 2017 मध्ये कथराडांच्या अंत्यविधीत माजी राष्ट्राध्यक्ष मोटलांथे यांनी त्यातला भाग वाचून दाखवला, झुमा तिथं नव्हते. हा तक्ता बाहेर पडायच्या दाराशी, डोळ्यांच्या उंचीवर लावा. मात्र पावसाची झड आत येते त्या बाजूला नको.