प्रेम दाखवायला निघालात? आधी या चुका टाळा

चर्चमध्ये प्रीतीवर संदेश (प्रवचन) झाला की दोन-तीन दिवसांत माझा फोन वाजतोच. "दादा, आम्हालाही भेटींच्या गटात घ्या. कुणाकडे जायचं तेवढं सांगा." मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, आजारी, शोकात असलेल्या, एकट्या पडलेल्या माणसांना भेटणाऱ्या गटाचं काम मी बरीच वर्षं बघतोय. उत्साहाचं कौतुक आहे, पण खरं सांगायचं तर नवा उत्साही माणूस दिसला की मला आधी धडकी भरते. पुढे काय काय होणार ते मला पाठ असतं. त्यातलं निम्मं मी स्वतः केलेलं आहे.

या उत्साही माणसांचा बायबलमधला आवडता अध्याय ठरलेला, १ करिंथ १३, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय. मराठीत तो वाचताना प्रीतीच्या गुणांची यादी वाचल्यासारखं वाटतं. मूळ ग्रीकमध्ये मात्र ४ ते ७ या वचनांत पौलाने १५ क्रियापदं वापरली आहेत. प्रीती कशी असते यापेक्षा ती काय करते आणि काय करत नाही, हे तो सांगतोय. आणि सांगतोय कुणाला? गट पाडून भांडणाऱ्या, एकमेकांना कोर्टात खेचणाऱ्या, प्रभुभोजनाला जमल्यावर गरिबांना उपाशी ठेवून स्वतः खाणाऱ्या मंडळीला. त्या १५ क्रियापदांतली बरीचशी 'करत नाही' अशी आहेत, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. त्याला काहीतरी करायचंच असतं, आणि तेही आजच.

शोकात असलेल्या माणसाला बायबलचं वचन फेकून मारणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मंडळीतल्या एका भावाचा तरुण मुलगा गेला. मी तिसऱ्या दिवशी गेलो, बायबल उघडलं आणि रोम ८:२८ वाचलं. देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. त्यावर पंधरा-वीस मिनिटं बोललो. देवाची योजना, आपल्याला आज न दिसणारं चित्र, सगळं आलं. ते ऐकत होते. मध्येच उठून त्यांनी मला पाणी आणून दिलं. मी मनात म्हटलं, बघा, वचनाने किती धीर आला यांना.

वर्षभराने ते आपणहून म्हणाले, "त्या दिवशी तुला पाणी का दिलं माहितेय? पिताना तरी तू गप्प बसशील म्हणून."

त्याच घरी मंडळीतले एक निवृत्त गृहस्थ रोज संध्याकाळी यायचे. ते दाराजवळच्या खुर्चीत बसायचे आणि वाजणारे फोन घ्यायचे. "हो, गेला. हो, अचानक. आत्ता बोलता येणार नाही, निरोप देतो." एवढंच त्यांचं काम. बापाला दिवसातून तीस वेळा तीच हकीकत सांगावी लागली नाही. वचन त्यांनी एकही वाचलं नाही.

वचन खोटं होतं का? मुळीच नाही. चूक वेळेची होती, आणि समोरच्याचा चेहरा न बघण्याची. योहान ११ काढा. लाजर गेल्यावर त्याची बहीण मार्था येशूला म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने दुसरी बहीण मरीया येते आणि अगदी तेच वाक्य म्हणते. मार्था बोलायला आली होती, तिच्याशी येशू पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरीया पायांशी पडून रडते, तिथे तो काहीच समजावत नाही. लाजराला कुठे ठेवलंय एवढं विचारतो आणि रडतो. पुढच्या काही मिनिटांत लाजर जिवंत होऊन कबरेतून बाहेर येणार हे ठाऊक असूनही रडतो. वाक्य एकच, माणसं दोन, म्हणून उत्तरंही दोन.

बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा भेटायला आलेल्या त्याच्या तीन मित्रांना आपण नावं ठेवतो, पण सुरुवात त्यांनी उत्तम केली होती. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, कुणी चकार शब्द काढला नाही. घोळ झाला तो तोंडं उघडल्यावर.

आता माझी सवय अशी आहे: पहिल्या भेटीत बायबल पिशवीतच राहतं. त्यांनी मागितलं तर काढतो. प्रार्थना करू का, हे विचारतो, आणि 'हो' आलं तर चार वाक्यांत संपवतो. लांब प्रार्थनेच्या आडून संदेश देणाऱ्यांना मी दुसऱ्यांदा नेत नाही.

न विचारता मदत करणं

एक ताई अंथरुणाला खिळलेल्या आईला एकटी सांभाळत होत्या. आमच्या गटातल्या तरुणांनी ठरवलं, शनिवारी जाऊन घर साफ करायचं. आठ जण थडकले. जाळी काढली, फरशी पुसली, कपाटं आवरली. खिडकीच्या कठड्यावर औषधांच्या पट्ट्या 'पसरलेल्या' होत्या, त्या एका डब्यात भरून ठेवल्या. घर लखलखीत. सगळे गाणी म्हणत परत गेले.

त्या पट्ट्या पसरलेल्या नव्हत्या. डावीकडून उजवीकडे सकाळ, दुपार, रात्र अशा मांडलेल्या होत्या. ताई रात्री उशिरापर्यंत कागदावरून औषधं पुन्हा लावत बसल्या. नंतर मी विचारलं, तुम्हाला खरं काय हवं होतं? म्हणाल्या, "दोन तास झोप. आईजवळ कुणी बसलं असतं तर मी झोपले असते."

आठ माणसांनी जे केलं नाही, ते एका माणसाने खुर्चीत बसून झालं असतं.

मार्क १० मध्ये बार्तीमय हा आंधळा भिकारी येशूला हाका मारतो. त्याला काय हवंय हे आंधळ्यालाही कळेल! तरी येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? बेथेस्दाच्या तळ्याजवळ ३८ वर्षं आजारी असलेल्या माणसालाही तो आधी विचारतोच, तुला बरं व्हायचंय का? त्याला विचारावंसं वाटलं, आणि आपल्याला न विचारताच सगळं कळतं.

याच चुकीची उलटी बाजू म्हणजे "काही लागलं तर सांगा हं." हे वाक्य मला भयंकर खटकतं. थकलेल्या माणसाला आपण आणखी एक काम देतो: काय लागेल ते ठरव, कुणाला सांगायचं ते ठरव, मग संकोच सोडून फोन कर. मी असं विचारतो: "मंगळवारी चार ते सहा मी मोकळा आहे. आईंजवळ बसू, की बाहेरची कामं करून देऊ? नको असेल तर तेही सांगा." नकार द्यायची वाट मुद्दाम मोकळी ठेवतो. 'नको' म्हणता आलं नाही तर ती मदत कसली, ती सक्तीच.

बाकीच्या चुका, थोडक्यात

"प्रार्थनेसाठी म्हणून सांगतेय हं" असं म्हणून दुसऱ्याच्या घरातलं भांडण चार जणांत वाटणं. ही चहाडीच. शेवटी आमेन म्हटलं म्हणून ती पवित्र होत नाही.

मदतीला अट जोडणं. येशूने दहा कुष्ठरोगी शुद्ध, म्हणजे बरे केले, आभार मानायला एकच परतला. येशूने "बाकीचे नऊ कुठे आहेत?" असं विचारलं जरूर, पण त्या नऊ जणांचा रोग परत आला असं लूकने लिहिलेलं नाही. उपासनेला येईनासा झाला म्हणून भेट बंद करणाऱ्यांनी लूक १७ वाचावा.

घरात मार खाणाऱ्या बाईला "क्षमा कर आणि परत जा" असं सांगणं. क्षमा वेगळी, परत जाणं वेगळं. आधी ती सुरक्षित आहे का ते बघा. हे काम आपल्या कुवतीबाहेरचं आहे हेही ओळखा आणि जाणकारांची मदत घ्या. या बाबतीत माझ्याशी वाद घालायला येऊ नका.

मंडळीत मधाळ आणि घरी तिखट. यावर तुमच्या घरच्यांनाच बोलू द्या.

पहिल्या आठवड्यात रोज जाणं आणि चौथ्या आठवड्यात गायब होणं. नवशिक्यांचा हा हुकमी रोग. येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट नीट वाचा. लुटारूंनी मारून टाकून दिलेला एक माणूस या परक्या वाटसरूला रस्त्यात दिसला. त्याने जखमा बांधल्या, त्या माणसाला उतारशाळेत नेलं, एक रात्र सांभाळलं. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी दिली, आणि तो आपल्या वाटेला लागला. कामधंदा सोडून बसला नाही. पण जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असं सांगून गेला. दुसऱ्यावर सोपवता येणं आणि परत येणं, दोन्ही हवं. माझ्या डायरीत प्रत्येक घरापुढे तीन तारखा असतात: महिन्यानंतरची, सहा महिन्यांनंतरची आणि गेलेल्या माणसाच्या वाढदिवसाची. वाढदिवसाला फोन करणारं सहसा कुणीच नसतं.

आणि फोटो. भेटीला गेल्यावर फोटो काढू नका. उशाशी उभं राहून तर अजिबात नाही.