मांजराचं वजन उतरवताना या चुका टाळा

"दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप उतरंल." हा सल्ला मांजराच्या जिवावर बेततो. लठ्ठ मांजराच्या पोटात दोन-तीन दिवस काही गेलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृत निकामी होऊ शकतं. मग हिरड्या आणि कानाची आतली कातडी पिवळी दिसते. तिथवर थांबूच नका. २४ तास तोंडाला काही लावलं नाही, की पशुवैद्याकडे न्या.

दुसरी चूक म्हणजे दूध-भाकरी. १०० मिली म्हशीच्या दुधात साधारण १०० कॅलरी असतात. ज्या मांजराला ४ किलोवर आणायचंय, त्याला दिवसभरात १६० च्या आसपासच मिळायला हव्यात. म्हणजे निम्म्याहून जास्त वाटा एका वाटीतच संपला. वर कुस्करलेली ज्वारी, आणि मांसातली प्रथिनं नावालाही नाहीत.

कोरडं खाद्य वाटीनं मोजू नका. १०० ग्रॅममध्ये ३५० ते ४०० कॅलरी असल्या, तर दिवसाला ४० ते ४५ ग्रॅम पुरे. अंदाजानं टाकताना १० ग्रॅम सहज जास्त पडतं, म्हणजे जवळपास पाव हिस्सा. भरल्या घरात आजी घालते, मुलं घालतात, कुणाला कुणाचा पत्ता नसतो. सकाळीच काट्यावर तोलून एका डब्यात भरून ठेवा, त्यातूनच चार वेळा द्या. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचं संपलं. आधीच्या खुराकावरून इथवर सात-दहा दिवसांत हळूहळू या.

नसबंदीनंतर गरज पाव हिश्शानं तरी घटते. खाणं तेव्हाच कमी करा. मात्र मागच्या पायांपुढं लोंबणारी कातडी म्हणजे लठ्ठपणा नव्हे. बरगड्यांवरून बोटं फिरवा: हलक्या हातानं त्या लागल्या पाहिजेत. दाबूनही लागत नसतील, तर चरबी आहे.

६ किलोचं मांजर आठवड्याला ३० ते ६० ग्रॅम उतरलं, तर उत्तम. माणसाच्या वजनकाट्यावर एवढा फरक कळत नाही. टोपलीत बसवून किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर दर पंधरा दिवसांनी तोला, टोपलीचं वजन वजा करा. खाणं भरपूर, पाणीही फार पितंय आणि तरी झपाट्यानं वाळतंय, तर मधुमेहाची तपासणी करून घ्या.

खेळवणं हवंच, पण मराठवाड्यातल्या मे महिन्यात दुपारी नको. सकाळी सहाला किंवा दिवेलागणीला दहा मिनिटं दोरी ओढा. तोंड उघडून धापा टाकू लागलं, की लगेच थांबवा आणि सावलीत पाणी ठेवा.