स्पोक कसे साफ करावेत : चमक मधे असते, गंज टोकाला

दोन पावसाळ्यांपूर्वी ठाणे-बेलापूर रस्त्यावर घणसोलीजवळ माझ्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा एक स्पोक, म्हणजे चाकातली एक तार, तुटला. आधी टण् असा आवाज आला, मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला खट-खट. गाडी कडेला घेऊन बघितलं तर स्पोक हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यापाशी, जिथे तो वाकून भोकात शिरतो तिथेच, मोडला होता. उरलेला भाग मात्र लखलखीत. दर रविवारी मी तोच तर पुसत होतो. मोडलेलं टोक हातात घेऊन उन्हात धरलं. अर्धा छेद तपकिरी होता, अर्धा ताज्या पोलादासारखा पांढरा. म्हणजे चीर बरेच दिवस होती, तिच्यात पाणी मुरत होतं, गंज आत सरकत होता, आणि त्या दिवशी उरलेल्या अर्ध्या भागाने दम सोडला.

तेव्हापासून मी स्पोक टोकांकडून साफ करतो. स्पोकला दोन टोकं : एक हबजवळचा वाक, दुसरं रिमजवळचं, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या कड्याजवळचं निपल, ज्यात स्पोकचं टोक आवळलेलं असतं. पाणी, चिखल आणि चेनचं ग्रीस याच दोन ठिकाणी साचतं, आणि चाकावर येणारा ताणही तिथेच जास्त असतो. मधला भाग वाऱ्याने आपसूक वाळतो, तो सगळ्यात शेवटी पुसला तरी चालतं.

आपल्याकडे गंज लवकर का धरतो हे ऐरोली, वाशी, कोपरी, कळवा भागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. खाडीचा खारा दमट वारा बारा महिने असतो. पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात रबाळे-महापे पट्ट्यातली धूळ, घोडबंदर रोडवरचा सिमेंटमिश्रित चिखल. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे गाडी कोरडी दिसत असली तरी निपलच्या फटीत ओल असते. उघड्या पार्किंगमध्ये राहणाऱ्या गाडीचे स्पोक पावसाळ्यात दर आठवड्याला आणि एरवी महिन्यातून एकदा तरी बघायलाच हवेत.

सफाईला हात घालण्याआधी आपले स्पोक कशाचे आहेत ते ओळखा. अर्ध्याहून जास्त नुकसान इथेच होतं. आरशासारखी, किंचित निळसर चमक असेल तर क्रोम. करडी, चांदीच्या जुन्या भांड्यासारखी मंद चमक असेल तर जस्ताचा मुलामा. फ्रिजवरचा लोहचुंबक लावून बघा : चिकटलाच नाही किंवा जेमतेम चिकटला तर स्टेनलेस स्टील. काळे असतील तर रंग दिलेले. यातला जस्ताचा मुलामा सगळ्यात गैरसमजाचा. तो केसाहूनही कितीतरी पातळ असतो आणि आतल्या पोलादाआधी स्वतः झिजून पोलादाला वाचवतो. त्याला आरशासारखं चमकवायला गेलात तर तुम्ही गंज नाही, मुलामाच घासून काढता. जस्ताचा स्पोक करडाच राहू द्या. त्यावर पांढरी भुकटी दिसली तर ती जस्ताची झीज आहे, साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने जेवढी निघेल तेवढीच काढा.

सामान घरातलंच लागतं. दोन बादल्या पाणी, गाडी धुवायचा सौम्य शाम्पू, दोन जुने टूथब्रश, बाळाची बाटली धुवायचा लांब ब्रश, एक इंची रंगाचा ब्रश, आणि जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या दोन बोटं रुंद, हातभर लांब पट्ट्या. या पट्ट्या सगळ्यात महत्त्वाच्या, त्यांचं काम पुढे सांगतो. शिवाय थोडं डिझेल किंवा चेन क्लीनर, जुनी वर्तमानपत्रं, गाडीचं पेस्ट वॅक्स. सायकलचा पंप किंवा टायरमध्ये हवा भरायचं छोटं यंत्र असेल तर फारच उत्तम.

आता एक गोष्ट हात जोडून सांगतो. गाडी डबल स्टँडवर लावून, इंजिन चालू करून, पहिल्या गिअरमध्ये चाक फिरवत स्पोकला फडकं लावणारे लोक मी आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये नेहमी बघतो. कृपा करून असं कधीही करू नका. फडकं स्पोकमध्ये किंवा चेनमध्ये अडकलं की त्याच्यामागे बोटं जातात, आणि हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. गाडी न्यूट्रल, इंजिन बंद, चावी खिशात. चाक हातानेच फिरवायचं, टायरला धरून, दुसरा हात चेनपासून लांब. लहान मूल मदतीला असेल तर त्याला पुढच्या चाकापाशी बसवा.

गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर अर्धा तास थांबा. तापलेल्या ब्रेक डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते.

मागच्या चाकापासून सुरुवात करा, कारण घाण तिथेच जास्त असते. चाकाखाली वर्तमानपत्र पसरा. ब्रशवर थोडं डिझेल घेऊन फक्त चेनच्या बाजूच्या स्पोकवरचं आणि हबवरचं काळं ग्रीस मऊ करा. ब्रश टपटपता नको, ओलसर हवा. डिझेलने टायरचं रबर खराब होतं आणि डिस्कला किंवा ड्रमच्या आत लागलं तर ब्रेकच लागत नाही, म्हणून डिस्कवर आधी प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. पाच मिनिटांनी कागदाने पुसून घ्या आणि तो कागद कचऱ्यात टाका. तेलकट पाणी गटारात सोडू नका. ऐरोली-वाशीकडची पावसाळी गटारं खाडीलाच मिळतात, आणि जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात ती ही ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे.

मग शाम्पूचं पाणी. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी; ब्रश दरवेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा, नाहीतर तीच वाळू पुन्हा स्पोकवर घासली जाते. कपड्यांची पावडर आणि सोडा वापरू नका, ॲल्युमिनियमचा हब त्याने काळवंडतो. चाकाच्या व्हॉल्व्हपाशी पहिला स्पोक धरा आणि तिथून एका दिशेने मोजत चला. बहुतेक गाड्यांना ३६ किंवा ४० स्पोक असतात; मोजत गेलं की एकही सुटत नाही. प्रत्येक स्पोकचा क्रम एकच : आधी हबजवळचा वाक टूथब्रशने, मग निपल चारही बाजूंनी, शेवटी मधला दांडा. हबपाशी स्पोक एकमेकांवरून तिरके जातात, तिथे बोट शिरत नाही. तिथे बाटलीचा ब्रश पलीकडून घाला. पूर्ण डावी बाजू संपवूनच उजवीकडे जा. डबल स्टँडवर पुढचं चाक जमिनीला टेकलेलं असतं. त्याचा वरचा अर्धा भाग करा, गाडी स्टँडवरून उतरवून साधारण तीन फूट पुढे ढकला, पुन्हा स्टँडला लावा. चाक अर्धा फेरा फिरलेलं असेल.

आता साडीची पट्टी. ओली पट्टी स्पोकमागून घाला, दोन्ही टोकं दोन हातांत धरा आणि बूट पॉलिशवाला फडकं ओढतो तशी आळीपाळीने ओढत हबपासून निपलपर्यंत न्या. एका स्पोकला दहा-बारा ओढी पुरतात. स्पोकची मागची बाजू, जी आपल्या डोळ्याला कधी दिसतच नाही, ती यानेच साफ होते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा पांढरी पट्टी तिसऱ्या स्पोकला तांबूस झाली होती. वरून स्वच्छ दिसणाऱ्या स्पोकवर तेवढा गंज होता.

क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चुरगाळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे क्रोमला चरे पडत नाहीत आणि तांबूस थर निघतो. जस्तावर हे करू नका. जस्त उडून पोलाद उघडं पडलं असेल तर तेवढाच भाग नायलॉनच्या घासणीने साफ करा, पूर्ण वाळवा आणि बारीक ब्रशने सिल्व्हर रंगाचा पातळ हात द्या. शोभेला नाही, हवा लागू नये म्हणून. व्हिनेगर, चिंच, तांब्या-पितळेची पावडर, संडास साफ करायचं ॲसिड यातलं काहीही स्पोकला लावू नका. एकदा एका धुलाईच्या ठिकाणी माझ्या गाडीला न विचारता ॲसिड मारलं होतं. चाकं त्या संध्याकाळी नव्यासारखी दिसली. दोन आठवड्यांत सगळे स्पोक नारिंगी झाले, कारण मुलामाच उरला नव्हता. तेव्हापासून धुवायला देताना 'ॲसिड नको, आणि प्रेशरचं पाणी हबवर नको' हे मी आधी सांगतो. जोरदार फवारा हबच्या सीलमधून बेअरिंगपर्यंत जातो आणि ग्रीस धुऊन काढतो.

साध्या पाण्याने धुतल्यावर वाळवणं हे अर्धं काम आहे, आणि बहुतेक जण तेच सोडतात. पंपाने प्रत्येक निपलवर हवा मारा. बघाल, कोरड्या दिसणाऱ्या निपलमधून पाण्याचा थेंब बाहेर येतो. पंप नसेल तर सोसायटीच्या आत हळू एक चक्कर मारा, ब्रेक दोन-तीनदा दाबून बघा, चाकातलं पाणी उडून जाईल, मग कोरड्या पट्टीने पुन्हा टोकं पुसा.

गाडी कोरडी असताना एक तपासणी करा. छोट्या पान्याने प्रत्येक स्पोकवर मधोमध हलकी टिचकी मारा. घट्ट स्पोक टिंग वाजतो, सैल स्पोक थप्प करतो. एकाच बाजूचे स्पोक साधारण एकाच सुरात वाजायला हवेत. वेगळा वाजला त्याला दोरा बांधा आणि हबजवळचा वाक टॉर्च लावून बघा. केसासारखी तपकिरी रेघ दिसली तर तो स्पोक बदलायचा, पॉलिश करायचा नाही. सैल स्पोक घरी पकडीने आवळू नका. एक जास्त आवळला की रिम आऊट होते, म्हणजे वाकडी फिरते, आणि टोक आतून वर आलं तर ट्यूब पंक्चर होते. रिमचं आऊट काढणारा कारागीर गाठा, हे काम सरावाच्या हाताचं आहे.

शेवटी वॅक्स. पट्टीला मटारएवढं लावून त्याच बूट पॉलिशच्या ओढीने स्पोकवर पातळ फिरवा, टोकांना टूथब्रशने लावा, पंधरा मिनिटांनी पुसा. डिस्कला आणि टायरला लागू देऊ नका. जळकं ऑइल फासायची जुनी सवय मोडा. त्याला धूळ चिकटते आणि चाक फिरलं की ते टायरवर उडतं. मे अखेरीस एक हात, मग पावसाळाभर महिन्याला एक.

पहिल्यांदा दोन्ही चाकांना दीड तास लागेल, सवय झाली की पाऊण तास.

दसऱ्याचं एक राहिलं. खंडेनवमीला गाडी धुऊन पूजा करतो, तेव्हा चाकासमोर नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो आणि गाडी त्यावरून नेतो. नारळाचं पाणी आणि लिंबाचा रस रिमवर आणि खालच्या स्पोकवर उडतो, हळदकुंकू निपलच्या फटीत बसतं, आणि झेंडूच्या हाराचा ओला पाला तिथेच दोन दिवस राहतो. लिंबाचं आम्ल जस्ताला खातं. हार उतरवाल त्याच वेळी तांब्याभर साधं पाणी चाकांवर घाला आणि खालचे सहा-सात स्पोक कोरड्या पट्टीने टोकापासून पुसून घ्या.