नेपाळला महिनाभर विद्यार्थी-सेवेला निघालाय? या चुका टाळा

मार्च उजाडला की मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातली पोरं विचारायला लागतात, "दादा, यंदा नेपाळची टीम कधी?" म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांच्या ख्रिस्ती गटाबरोबर महिनाभर राहायला जाणारी टीम. पुण्याहून गोरखपूरची रेल्वे, तिथून बसने सुनौली, की आला परदेश. व्हिसा नाही, भाषा देवनागरीत, जेवण डाळ-भात. सगळं सोपं वाटतं आणि तिथंच गडबड सुरू होते. कोल्हापूर-सांगली-मिरजेच्या पोरांची तयारी करून घेताना त्याच त्या चुका बघून कंटाळलोय, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

मोबाईल

सगळ्यात वाईट चूक इथं होते. नेपाळात ख्रिस्ती असणं गुन्हा नाही. मंडळ्या उघड भरतात, त्यांच्या पाट्या रस्त्यावरून दिसतात. पण दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा गुन्हा आहे. २०१५ च्या राज्यघटनेच्या २६ व्या कलमात तशी बंदी आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. हे मी प्रत्येक टीमला पहिल्याच बैठकीत वाचून दाखवतो. सगळे माना डोलावतात.

एका वर्षी टीममध्ये गिटार फार छान वाजवणारा एक पोरगा होता. काठमांडूत भाड्याच्या खोलीत बायबल अभ्यास झाला आणि त्याच रात्री त्यानं फोटो टाकला. वर जागेचं नाव, खाली ओळ: "आज तिघांनी प्रभूला स्वीकारलं." इकडून हालेलुयांचा पाऊस. तो फोटो कुणीतरी पुढं पाठवला आणि फिरत फिरत त्यातल्या एका मुलीच्या काकांपर्यंत पोचला. तिचं कॉलेज सुटता सुटता राहिलं. घरमालकानं तिथल्या गटाला खोली रिकामी करायला लावली. तोवर आमची टीम परतीच्या रेल्वेत जागा शोधत होती.

आणि गंमत बघा, त्या तिघांतल्या दोघांनी काही स्वीकारलंच नव्हतं. गट चालवणारी ताई नंतर म्हणाली, "पाहुणे एवढ्या लांबून आले, त्यांना वाईट वाटू नये म्हणून 'स्वीकारलं' असं दाखवायला हात वर केले." तेव्हापासून आमच्या टीममध्ये कुणी कुणाला हात वर करायला सांगत नाही. आकडा रविवारी मंडळीत सांगायला बरा असतो, टाळ्या पडतात. पण ज्याला खरंच विचारायचंय तो चौथ्या दिवशी चहा पिताना हळूच विचारतो, आणि त्याचं उत्तर तिथल्या ताईनं किंवा दादानं द्यायचं असतं. कारण पुढची तीन वर्षं त्याच्याबरोबर तेच असणार.

फोन मी जप्त करत नाही, शाळकरी पोरं नाहीत ती. फोटो काढायचे ते डोंगराचे, जेवणाचे आणि एकमेकांचे. तिथल्या विद्यार्थ्याचा चेहरा नको, नाव नको, प्रार्थनेसाठी इकडं पाठवायच्या पत्रातसुद्धा नको. घरच्यांना रोज काय कळवायचं? पोचलो, जेवलो, बरा आहे. आईला तेवढं पुरतं.

किरकोळ, पण दरवर्षी होणाऱ्या

विमानानं जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच लागतं. आधार कार्ड दाखवून विमानतळावर वाद घालू नका. अठरा पूर्ण झाली असतील तर मतदार नोंदणी आत्ताच करा.

तिथं आठवड्याची सुट्टी शनिवारी, म्हणून मंडळीची उपासनाही शनिवारी. शुक्रवारी रात्री जागून शनिवारी उशिरा उठणारे दरवर्षी दोन तरी निघतात. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करा.

किंमत ठरवताना "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय की नेपाळी रुपये, हे आधी विचारा. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी.

बरीच कॉलेजं पहाटे सुरू होतात. जेवण सकाळी दहाच्या सुमारास, मग थेट रात्री. मधे फक्त खाजा, म्हणजे हलकं खाणं. दुपारी एकला पोटात कावळे ओरडणारच. शेंगदाण्याची चटणी न्या, पण यजमानांच्या ताटावर बसून तांबड्या रश्श्याच्या आठवणी काढू नका.

आल्या आल्या पत्रकं वाटू नका. मागे म्हणालो ते कलम परत वाचा.

शब्द देणं

आता माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट. शेवटच्या आठवड्यात सगळे हळवे होतात. गळ्यात पडतात, आणि मग सुरू होतं: "दर रविवारी फोन करीन", "जुना लॅपटॉप पाठवतो", "कोल्हापूरला ये, शिकायची सोय करू."

एकजण खरंच आला. भारत-नेपाळ सीमा खुली आहे, त्यालाही व्हिसा लागत नव्हता. मे महिन्याच्या उन्हात शाहू टर्मिनसवर एक बॅग घेऊन उतरला आणि ज्यानं शब्द दिला होता त्याला फोन लावला. साहेब पुण्यात नोकरीच्या मुलाखती देत होते. "अरे, मी आपलं सहज बोललो होतो," असं मला फोनवर म्हणाला. सहज! त्या पोरानं गावाकडची शिकवणी सोडली होती. एका मावशींनी त्याला घरी ठेवून घेतलं, विद्यापीठात चौकशी झाली, पण त्याची कागदपत्रं अपुरी, प्रवेश मिळेना. महिन्याभरानं परतीचं तिकीट संघाच्या पैशातून काढलं.

आता निघायच्या आधीच्या रात्री मी टीमला बसवतो आणि प्रत्येकानं कुणाला काय कबूल केलंय ते वहीत लिहून घेतो. जे जमणार नाही ते सकाळी स्वतः जाऊन सांगून यायचं. रडारड होते, होऊ दे. पैसे किंवा वस्तू द्यायच्याच असतील तर तिथल्या गटाच्या हातात द्या, एकेकाच्या खिशात नको. नाहीतर तुमच्या मागे तिथं भांडणं लागतात.

घाई

आमच्याकडं प्रत्येक पाठवणीच्या सभेत कुणीतरी रॉबर्ट वाइल्डर यांचं नाव घेतंच. घ्यावंही. १८६३ साली जन्म आपल्या कोल्हापुरात, आणि १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेसाठी तयार असल्याचं सांगितलं, त्यामागं हा माणूस. पण ती तयारी महिनाभराच्या सहलीची नव्हती. त्यांचे मिशनरी वडील १८५२ साली इथं आले ते मराठीत बोलायला, शाळा चालवायला. आमची पोरं मात्र नेपाळीत नाव सांगण्याएवढंही शिकत नाहीत, "हिंदी कळतं की त्यांना" म्हणतात. कळतं. पण मनातलं कुणी परक्या भाषेत बोलत नाही.

दुसरा शॉर्टकट मूकनाट्याचा. काळे कपडे, चेहऱ्याला पांढरा रंग, मोठ्या आवाजात गाणं. दोन दिवसांत बसतं आणि तीस दिवस तेच. मला विचाराल तर साहित्य घरीच ठेवा. वसतिगृहातल्या पोरांबरोबर भाजी चिरा, फुटसाल खेळा, त्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेला मदत करा. पहिला आठवडा फक्त ऐका. आमच्यातल्या बोलक्यांना हे सगळ्यात जड जातं.

"दादा, फक्त दहा दिवस आलो तर चालेल का?" नाही. दहा दिवसांत पोट बिघडून बरं होतं, बाकी काही होत नाही. तयारीच्या बैठका जानेवारीपासून. तीन चुकल्या की नाव कापतो, मग वडील मंडळीत कुणीही असोत.